पायाळूचा अंगठा

समस्त ग्रामस्थ, मानकरी, माहेरवाशिणी आणि मंडपाबाहेर उभं राहून ऐकणारे रसिकहो, अत्यंत जड अंतःकरणाने जाहीर करण्यात येतं की तीस वर्षं पंचक्रोशीची अखंड सेवा करणारा, लहानथोरांच्या परिचयाचा, माझा उजवा पाय गेल्या वर्षी सेवेतून निवृत्त झाला. निवृत्ती स्वखुशीची नव्हती. त्याला काढून टाकण्यात आलं. काढून टाकणारी माझीच कंबर, आणि तिच्याबद्दल या लेखात एकही चांगला शब्द सापडणार नाही. शोधू नये.

आता ओळख. आचऱ्याजवळच्या एका वाडीत माझा मंडप आणि लाऊडस्पीकरचा धंदा आहे. जत्रा, लग्नं, क्रिकेटचे सामने, जिथे खांब उभे करायचे आणि माईकवर बोलायचं असतं तिथे मी असतो. खांब पोटासाठी, माईक हौसेसाठी. याशिवाय मी पायाळू आहे, म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर काढले. अशा माणसाला आमच्याकडे जन्मभर काम असतं. कुणाच्या कंबरेत उसण भरली की त्याला सकाळी पायाळूच्या दारात आणतात, उंबऱ्यावर पालथं घालतात, पायाळू पाठीला तीनदा पाय लावतो, आणि रोगी मागे न बघता निघून जातो. आभार मानायचे नाहीत. मानले तर उसण परत येते म्हणतात.

पाय नुसता लावायचा असतो. पण मी माईकवाला माणूस. मी लुंगी खोचून तीन पावलं मागे जायचो, देवाला गाऱ्हाणं घालायचो, "आणि ह्या लेकराच्या कंबरेची पीडा सातासमुद्रापलीकडे घालव रे म्हाराजा" असं म्हणायचो, आणि मग पाय असा आणायचो की बघायला आलेले शेजारी "व्हय म्हाराजा" म्हणून दाद द्यायचे. तिसऱ्या वेळी तर हमखास.

अशा माणसाची स्वतःची कंबर दुखायला लागली. हसा. सगळी वाडी हसली.

बांध कोरणारी

ती एका दिवसात दुखायला लागली नाही. सहा-सात वर्षं दुखत होती. लोखंडी पाईप एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेताना, स्पीकरचा खोका टेम्पोत चढवताना, पुढे तर दात घासायला वाकताना. बांधावरून वाद असलेला शेजारी कसा बोलत नाही, भांडत नाही, फक्त दरवर्षी वीतभर बांध कोरतो, तशी ती वागली. पहिल्या वर्षी माझं वाकणं घेतलं. दुसऱ्या वर्षी पाटावर बसणं. मग जमिनीवर मांडी घालून जेवणं. मी पंगतीत खुर्ची मागितली त्या दिवशी मला तिचा मनापासून तिटकारा आला.

त्याहून जास्त तिटकारा सल्ले देणाऱ्यांचा. कंबरदुखीवर न बोलणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. एकाने तापलेल्या कातळावर झोपायला सांगितलं. एकाने आंब्याच्या फांदीला लोंबकळायला. मेहुण्याने मुंबईहून व्हिडिओ कॉल करून मला जमिनीवर पालथं पाडलं आणि त्याला दुसरा फोन आला म्हणून तसंच ठेवून गेला. अर्धा तास मी फरशीवर होतो.

मग दुखणं कंबरेतून मांडीत आणि मांडीतून टाचेत उतरलं. उघड्या वायरला हात लागल्यावर बसतो तसा झटका. वायरचं बटण तरी बंद करता येतं.

कुंदामावशीचा उंबरा

पायाळूला स्वतःच्या पाठीवर पाय देता येत नाही. दुसरा पायाळू शोधावा लागतो. जवळची पायाळू एकच, कुंदामावशी. वय पासष्ट, आचऱ्याच्या बाजारात मासे विकते, आणि माझ्या आधी सगळ्या भागाच्या उसणी तीच काढायची. तिचे रोगी माझ्याकडे कसे आले? मी एका जत्रेत माईकवरून सांगितलं होतं, "उसण काढण्यासाठी अस्सल पायाळू, आपल्या सेवेस, मंडपाच्या डाव्या बाजूला." ते तिने टोपली डोक्यावर घेऊन उभ्याने ऐकलं होतं.

बायकोला मंडपाची जागा बघायला जातो असं सांगून मी एका सकाळी मावशीच्या दारात उभा राहिलो.

"तू? माझ्या दारार?" ती म्हणाली.

"मावशी, उसण भरली हा."

"तुझो पाय खंय गेलो?"

"माझो पाय माझ्या पाठीक पोचणा नाय गो."

"मगे माईकार सांग. कोणतरी येयत."

मी सरळ उंबऱ्यावर पालथा झालो. असा अपमान गिळायला कंबर किती दुखत असावी लागते, ते दुखणाऱ्यालाच कळेल. मावशीने पहिल्यांदा पाय अलगद लावला. दुसऱ्यांदा रीतीप्रमाणे. तिसरा पाय त्या जत्रेतल्या माईकचा होता.

"ऊठ आता. मागे बघू नको," ती म्हणाली.

मला उठता येत नव्हतं. पण तिच्यासमोर पडून राहण्यापेक्षा मेलेलं बरं, म्हणून उठलो आणि मागे न बघता चालत आलो.

चप्पल

दोन दिवसांनी बाजारातून परतताना मी पुढे आणि बायको मागे, अशी आमची वरात चालली होती. अंगणात पोचलो तर ती हातात एक चप्पल घेऊन आली.

"ही कोणाची?"

"माझी."

"खंय होती?"

"पायात."

"पायात नाय होती. थंय माडाच्या मुळात होती. वीस पावलां मागे."

मी खाली बघितलं. उजवा पाय अनवाणी होता. अंगठ्याला वाटेवरच्या चिऱ्याने खरचटून रक्त आलं होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

खरं सांगायचं तर पत्ता होता. दोन दिवस तो पाय घासत होता. पायरी चढताना पुढचा भाग खाली लोंबायचा. मी त्याला थकवा असं नाव दिलं होतं. हे वाचणाऱ्या कंबरदुख्यांनो, नाटकं मीही खूप केली, पण हे एक करू नका. दुखणं हे दुखणं असतं. पाय लुळा पडणं हे वेगळं काहीतरी असतं, आणि ते त्याच दिवशी डॉक्टरला सांगायचं असतं.

बायकोने आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं. तिने चप्पल पिशवीत टाकली, रिक्षा बोलावली आणि मला कुडाळला नेलं. हाडांच्या डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर तिने आधी ती चप्पल ठेवली. पुरावा म्हणून.

डॉक्टरांनी मला उताणं झोपवलं. "डावा अंगठा वर उचला." उचलला. "आता उजवा." मी हुकूम सोडला. काही झालं नाही. पुन्हा सोडला. इतक्या वर्षांच्या धंद्यात मला ही अवस्था चांगली माहीत आहे. आपण बोलतोय, ओठ हलतायत, समोर माणसं बसलीयत, आणि वायर कुठेतरी तुटलीय.

"लघवी नीट होते? बसायच्या जागी बधिर वाटतं?" त्यांनी विचारलं. त्या दोन्ही गोष्टी ठीक होत्या. त्यांनी श्वास सोडला तो मला ऐकू आला. "एमआरआय आजच करून या," त्या म्हणाल्या.

बोगदा

एमआरआयबद्दल लोक फार घाबरवतात. मी घाबरवणार नाही, मी शिव्या घालणार आहे.

आधी अंगावरचा सगळा धातू काढायला लावतात. अंगठी, कडं, घड्याळ. मी सगळं बायकोच्या ओंजळीत दिलं. मग टेक्निशियनने विचारलं, "काका, आणखी काही?" मी छातीठोकपणे "नाही" म्हटलं. त्याने हातातलं यंत्र फिरवलं तर ते कंबरेपाशी ओरडलं. माझा करगोटा. लहानपणापासून कंबरेला बांधलेला काळा दोरा आणि त्यात ओवलेला चावीएवढा ताईत. तो घातलेला आहे हे मला खरंच आठवलं नव्हतं. आपल्याला कान आहेत हे कुठे रोज आठवतं? टेक्निशियनने कात्री आणली. आमच्या मंडळींनी आत येऊन तो आपल्या हाताने सोडला, कापू दिला नाही. त्या चाळीस वर्षांच्या गाठीशी ती पाच मिनिटं झगडत होती आणि माझ्याकडे एकदाही बघत नव्हती.

मग सरकत्या पाटावर आडवं करून नळकांड्यात घातलं. छत नाकापासून वीतभर. हातात रबरी फुगा, घाबरलात तर दाबा. आणि मग आवाज.

मी आयुष्यभर आवाज विकला आहे. खराब कर्णा, फाटका पडदा, माईक स्पीकरसमोर धरल्यावर निघणारी किंकाळी, सगळं ऐकलं आहे. पण त्या यंत्राएवढी बेसुरी, बेताल आणि निर्लज्ज वस्तू मी पाहिली नाही. आधी ठोकठोक, जणू कुणी रिकाम्या पिंपावर हातोडा मारतंय. मग करवत. मग भोंगा, तोही मधेच बंद. असा संच घेऊन कुणी माझ्या मंडपात आला असता तर मी त्याला खांबाला बांधला असता.

खरी भीती आवाजाची नव्हती. न हलता पडून राहिलं की माणसाला विचार करावाच लागतो. मी उजव्या अंगठ्याचा विचार करत होतो. तो हललाच नाही तर मी खांब कसा उभा करणार, शिडीवर कसा चढणार, टेम्पोचा ब्रेक कसा दाबणार. अशा वेळी मला एकच औषध माहीत आहे. मी बोलायला लागलो. "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग. आजच्या कार्यक्रमाचे प्रमुख पाहुणे, कंबरेचे समस्त मणके, व्यासपीठावर येत आहेत."

यंत्र थांबलं. कानात टेक्निशियनचा आवाज आला. "काका, बोलू नका. फोटो हलतात. आता हे पुन्हा घ्यावं लागेल."

म्हणजे वीस मिनिटांचं काम मी पाऊण तासाचं केलं. तुम्ही आत गेलात तर डोळे आधीच मिटून घ्या, मनातल्या मनात काहीही म्हणा, पण तोंड बंद ठेवा. मला जमलं नाही म्हणून सांगतो.

मागे न बघणं

डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरले. दोन मणक्यांमधली चकती बाहेर सरकून नस दाबत होती, एवढं त्यांनी बोटाने दाखवलं आणि एवढंच मला समजलं.

"कुणाकडून लाथ वगैरे मारून घेतली नाही ना?" त्यांनी विचारलं. "इकडे लोक पायाळूकडे जातात."

बायको म्हणाली, "डॉक्टर, पायाळू हेच आहेत."

डॉक्टर खुर्चीत मागे टेकल्या. मग मला कुंदामावशीचं सांगावं लागलं. बायकोला ते पहिल्यांदाच कळत होतं. तिने टेबलावरची चप्पल उचलली आणि पुन्हा ठेवली. काही क्षण मला वाटलं की ती वापरणार.

"लाथेनेच झालं असं मी म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "चकती आधीच झिजलेली होती. पण अशा पाठीवर पाय देणं म्हणजे धोकाच. तुम्ही किती जणांना दिलात?"

"मोजले नाहीत."

"त्यातलं कुणी नंतर लंगडत होतं?"

आमच्याकडे रोग्याने मागे बघायचं नसतं. आणि मीही कधी त्याच्या मागून बघितलं नव्हतं. मी तेव्हा दाद घेत असायचो. हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही. "माहीत नाही," एवढंच म्हटलं.

त्यांनी पुन्हा पाय हातात घेतला. अंगठा उचलायला सांगून शिरेवर बोट ठेवलं. "दिसत नाही, पण बोटाला किंचित जाणवतंय. म्हणून तीन आठवडे देते. गोळ्या, आराम, रोज सकाळी अंगठा तपासायचा, दर आठवड्याला मला दाखवायचा. जोर आणखी कमी झाला तर त्याच दिवशी या. लघवी अडली तर त्याच क्षणी निघा. तीन आठवड्यांत उचलला नाही तर ऑपरेशन. आणि ऑपरेशननंतरही पाय पूर्ण येईलच अशी खात्री कुणी देणार नाही."

उताणा

तीन आठवडे मी घराची कौलं मोजली. मंडपाच्या सुपाऱ्या बायको घेऊ लागली, आणि माणसं तिचं माझ्यापेक्षा जास्त ऐकत होती. माईक एका शिक्षकाकडे गेला. त्याचा आवाज म्हणजे गिरणीचा सैल पट्टा. वाऱ्यावरून तो माझ्या खिडकीपर्यंत यायचा आणि मी उशी कानावर घ्यायचो.

बायको सगळं करत होती. मला कुशीवर वळवणं, पाठीला शेक, पेज. फक्त बोलत नव्हती. चौथ्या दिवशी मीच म्हटलं, "शालन, माझ्यामुळे तुका त्रास."

"त्रास तुमच्या आजाराचो नाय," ती म्हणाली. "तुमी पडलास, मी करतंय. पण दोन दिवस पाय वडीत चललास आणि माका सांगूक नाय. त्या मावशीक पाठ दाखवलास आणि माका नाय. ता माझ्या घशाखाली उतरणा नाय."

मी पेजेची वाटी तोंडाला लावली.

दारात रोगी यायचे थांबले नव्हते. मी आतून "पाय बंद आसा" असं ओरडायचो. एकाला ते भाव खाणं वाटलं आणि तो तसं बोलूनही गेला. मग माझ्या डोक्यात डॉक्टरांचा प्रश्न फिरायला लागला आणि मी वाडीतल्या दत्तारामला बोलावून घेतलं. चार वर्षांपूर्वी मी त्याच्या पाठीवर पाय दिला होता, आणि ती लाथ मला स्वतःला फार आवडली होती.

"दत्ताराम, खरा सांग. तुका बरा वाटला होता?"

त्याने खिडकीबाहेर बघितलं. "तुझ्याकडसून गेलंय आणि आठ दिवस अंथरुणार होतंय. मगे कुडाळाक डॉक्टराक दाखवलंय."

"माका कित्याक सांगूक नाय?"

"तुका वाईट वाटात म्हणान," तो म्हणाला. "आणि बाबल, तू ता गाऱ्हाणा घालतंस मरे, ता ऐकूक बरा वाटता."

तो गेल्यावर मी भिंतीकडे तोंड केलं. कंबरेने मला इतकी वर्षं छळलं, पण त्या दुपारी ती शांत होती आणि तरीही मला झोप आली नाही. दत्तारामसारखे आणखी किती, कोण जाणे. ते सगळे सभ्य होते. कुणी मागे बघितलं नाही.

कुंदामावशी दुसऱ्या आठवड्यात आली. आत न येता दारातच टोपली उतरवून उभी राहिली.

"तिसरी लाथ मी रागान मारलंय," ती म्हणाली.

"माका म्हायत आसा."

"बरो हो. तू लंगडो झालंस तर लोक माझा नाव घेतले." आणि तिने चार बांगडे बायकोच्या हातात दिले. साफ करून आणलेले. आयुष्यात कुणाला मासे साफ करून न देणारी बाई ती. यापेक्षा मोठी माफी आचऱ्याच्या बाजारात मिळत नाही.

कंबरेचं काय

कंबरेचं काय झालं ते इथेच सांगून टाकतो, कारण शेवट मला पायासाठी राखायचा आहे आणि तो मी तिच्या हाती देणार नाही. कंबर अजून दुखते. जाणार नाही म्हणतात. फिजिओथेरपीच्या बाईंनी शिकवलेले व्यायाम मी रोज शिव्या घालत करतो. वजन उचलत नाही. खुर्ची मागताना लाजत नाही. ती माझा तिरस्कार करते, मी तिचा करतो, आणि आम्ही दोघं एकाच चटईवर झोपतो. संसार याहून वेगळा कुठे असतो, असं म्हटलं की बायको स्वयंपाकघरातून भांडं आपटते.

उसण काढणं मी बंद केलं आहे. कुणी आलं तर गाऱ्हाणं घालतो, पाठीला हात लावतो आणि कुडाळचा रस्ता दाखवतो.

सकाळ

आता पाय.

रोज सकाळी चहाच्या आधी बायको माझ्या पायथ्याशी बसायची. डॉक्टरांनी दाखवलं होतं तसा तळहात आडवा धरायची, अंगठ्याच्या बोटभर वर.

"उचला."

मी उचलायचो. म्हणजे कपाळावरच्या शिरा उचलायच्या, दात आवळले जायचे, डावा पाय उगीचच थरथरायचा. उजवा अंगठा लोकांच्या लग्नात आल्यासारखा स्वस्थ.

"परत."

पुन्हा तेच. मग ती उठायची आणि चहा आणायची. पहिला आठवडा असा गेला. दुसरा असा गेला. डॉक्टरांकडे दोनदा जाऊन आलो, दोन्ही वेळा त्यांनी शिरेवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "आहे तेवढंच आहे." तिसऱ्या आठवड्यात तिने "परत" म्हणणं सोडलं. हात धरायची, थोडा वेळ थांबायची, उठायची. मला वाटायचं, हिने ओरडून तरी "परत" म्हणावं.

शेवटच्या दिवशी ऑपरेशनचं ठरवायला जायचं होतं. पिशवी भरून दाराशी ठेवली होती. दोन लुंग्या, टॉवेल, फोटोंचं पाकीट. त्यात चपलांचे दोन्ही पाय तिने कागदात गुंडाळून ठेवलेले मी बघितले आणि तोंड फिरवलं.

ती पायथ्याशी बसली. त्या दिवशी ती भडकलेली होती. पिशवीची चेन बिघडली होती, रिक्षावाला फोन उचलत नव्हता, चुलीवर दूध होतं. तिचा तळहात माझ्या अंगठ्यावर आडवा धरलेला, पण मान स्वयंपाकघराकडे वळलेली.

"दूध उतू जायत," ती म्हणत होती, "आणि त्या रिक्षावाल्याक मी काल सांगून ठेवललंय, सकाळी सातच्या आधी ये म्हणान, तरी तो..."

ती थांबली.

मलाही कळलं नव्हतं. मी नेहमीसारखा दात आवळून पडलो होतो. तिने मान वळवून आपल्या हाताकडे बघितलं, मग माझ्या पायाकडे. हात तसाच होता. जरासुद्धा खाली आणलेला नव्हता.

"काय झाला?" मी विचारलं.

तिने हात आणखी बोटभर वर नेला आणि धरला. मी कपाळावरच्या शिरा, दात, डावा पाय, सगळे विसरलो आणि फक्त त्या हाताकडे बघून अंगठा उचलला. तो हळूहळू, कुरकुरत, म्हाताऱ्यासारखा वर गेला आणि तिच्या तळव्याला लागला. पुन्हा उचलला. या वेळी चांगला लागला. आवाज आला इतका.

दूध उतू गेल्याचा वास येत होता. ती उठली नाही. तिने तो तळहात दुसऱ्या हाताने घट्ट धरला, डोळे पदराला पुसले, आणि एकतीस वर्षांच्या संसारात ज्या बाईने मला कधी नावानेही हाक मारली नाही ती बोलून गेली, "मेल्या, लाथ मारलंस माका."